उतारवयातील तलवारबाजी

आमच्या घराण्यात कुणी तलवार उपसल्याची नोंद नाही. उपसला असेल तर बोडीतला गाळ. आजोबांनी जन्मभर धान लावले, वडिलांनी राइस मिलमध्ये धानाची पोती मोजली आणि मी त्याच धानाचा भात खाऊन एकतीस वर्षे इतिहास शिकवला. इतिहासाच्या मास्तराचा आणि शस्त्रांचा संबंध हा स्वयंपाक न येणाऱ्या नवऱ्याच्या आणि मिठाच्या संबंधासारखा असतो. स्वतः हात लावायचा नाही, पण कमी-जास्त झाल्याचे मत मात्र ठणकावून द्यायचे.

प्रतापगडची लढाई मी दरवर्षी फळ्यासमोर उभा राहून लाकडी फूटपट्टीने लढत असे. सय्यद बंडाचा वार, जिवा महालाचा पट्टा, हवेतच तुटलेला तो हात, हे सगळे मी असे काही रंगवीत असे की एका वर्षी फूटपट्टी ट्यूबलाइटला लागली आणि १६५९ सालच्या लढाईची नुकसानभरपाई माझ्या पगारातून झाली. एवढे करूनही आमच्या भागातल्या पोरांचा एक घोटाळा मला अखेरपर्यंत निस्तरता आला नाही. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातही एक प्रतापगड आहे. गोठणगावजवळ. डोंगरावर महादेव आहे, दर्गा आहे आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. पोरांनी तो आईबापांच्या बोटाला धरून पाहिलेला. त्यामुळे अफझलखान विजापुराहून निघून थेट गोंदिया जिल्ह्यात आला आणि यात्रेच्या गर्दीत मारला गेला, अशी दरवर्षी दोन-चार पोरांची तरी समजूत असे. एकाने तर 'खानाचा वध कोठे झाला?' या प्रश्नाला 'नारळवाल्याच्या दुकानामागे' असे उत्तर लिहिले होते. मी त्याला अर्धा गुण दिला. स्थलवर्णन इतके नेमके असल्यावर शून्य द्यायला हात धजावेना.

खऱ्या, म्हणजे निदान पत्र्याच्या, तलवारीशी माझी गाठ एकदाच पडली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक हे झालेच पाहिजे. तरुणपणी अशाच एका ऐतिहासिक नाटकात मला तिसऱ्या मावळ्याचे काम मिळाले. ऐन प्रसंगी तलवार म्यानातून निघेना. मी ती म्यानासकट फिरवली. म्यान सुटून पेटीवाल्याच्या मांडीवर पडले आणि लोकांनी वन्समोअर दिला. तिसऱ्या मावळ्याला मिळालेला तो झाडीपट्टीतला पहिला आणि बहुधा शेवटचा वन्समोअर असावा.

असा हा मी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा तलवार हाती धरली आणि पहिल्या आठवड्यात एकशे बारा वेळा मेलो. हा आकडा मी फुगवून सांगत नाही. मेलेले मोजायला तिथे यंत्र आहे.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी आमच्या नातवाची नीटची परीक्षा नीट गेली नाही. (हा विनोद मी त्याच्यासमोर एकदाच केला. पुन्हा केला नाही.) त्याच्या बापाने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, असे ठरवले की नागपुरात मित्र फार आहेत, तेव्हा पोराने एक वर्ष आजीआजोबांकडे अर्जुनीला राहून शांततेत पुन्हा तयारी करावी. ऐन रोवणीच्या दिवसांत पोरगा गोंदियाहून रेल्वेने उतरला. सोबत एक पेटी कपड्यांची, दोन पेट्या पुस्तकांच्या आणि दोन संगणक. एक अभ्यासाचा आणि एक अभ्यास झाल्यावरचा. चिरंजीवांनी फोनवर मला एवढेच सांगितले, "बाबा, लक्ष ठेवा."

लक्ष ठेवणे हा माझा पेशाच होता. मी दर जेवणाला लक्ष ठेवू लागलो. पहिल्या घासाला "किती तास झाले?", भात वाढताना "कोणता धडा झाला?" आणि ताक पिताना "आमच्या वेळी दिवेसुद्धा नव्हते." पोरगा सतरा वर्षांचा. मान खाली घालून जेवायचा, ताट उचलायचा आणि खोलीत जायचा. महिनाभरात तो माझ्याशी जे बोलला ते सगळे मिळून पोस्टकार्डावर मावले असते आणि वर पत्त्यालाही जागा उरली असती.

एका रात्री अकराच्या सुमारास त्याच्या खोलीतून खणखणाट ऐकू आला. बाहेर पाऊस कोसळत होता. मी दार ढकलले. पडद्यावर शेदोनशे वर्षे न धुतलेला एक चिलखतातला माणूस दुसऱ्या तशाच माणसाच्या डोक्यात कुऱ्हाड घालत होता.

"काय करून राहिला बाबू?" मी विचारले.

त्याने कानावरचे बोंडले काढले. "मोर्डहाऊ."

"मोरगाव? अरे, मोरगावातच तर आहोत आपण."

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा हसला. तेवढ्यासाठी मी आणखी दोनदा मुद्दाम चुकीचे ऐकले.

मोर्डहाऊ हा खेळ २०१९ सालच्या एप्रिलमध्ये बाहेर आला. स्लोव्हेनिया नावाच्या देशातल्या काही पोरांनी तो बनवला. हा देश युरोपात आहे आणि त्याची लोकसंख्या जेमतेम एकवीस लाख, म्हणजे आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यापेक्षा कमीच. एका मैदानात चौसष्ट-चौसष्ट माणसे उतरतात. कोण जर्मनीतून, कोण ब्राझीलमधून, कोण आणखी कुठून, सगळे आपापल्या घरी खुर्चीत बसून. मध्ययुगीन युरोपातले कपडे, तलवारी, भाले, गदा. एकमेकांचे नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, वैर नाही. तरी आल्या आल्या मुंडके उडवतात. आमच्याकडे धुऱ्याच्या भांडणातसुद्धा आधी दोन पिढ्या बोलाचाली होते, मग कोर्ट होते, आणि मुंडक्यापर्यंत प्रकरण सहसा जातच नाही.

मास्तरकी म्हणून मी तिथल्या तिथे एक चूक काढली. पडद्यावरच्या एका वीराने तलवार उलटी धरली होती. दोन्ही हातांनी पाते पकडून तो मुठीने प्रतिपक्षाला बडवीत होता. "हे काय? हात कापले जाणार नाहीत का?" पोराने खेळ थांबवला आणि मला इंटरनेटवर जुनी चित्रे दाखवली. पंधराव्या शतकात जर्मनीत हान्स तालहोफर नावाचा तलवारीचा उस्ताद होऊन गेला. त्याच्या सचित्र हस्तलिखितांत माणसे अशीच पाते धरून मुठीने हाणताना दिसतात. अंगभर लोखंड घातलेल्या माणसावर धार चालत नाही, तेव्हा तलवारीचा हातोडा करायचा. त्या घावालाच जर्मन भाषेत 'मोर्डहाऊ' म्हणतात. आता मला ओळख पटली. शिक्षकी पेशात यालाच 'डस्टरची लाकडी बाजू' म्हणत.

मग मी त्याला दांडपट्टा सांगितला. त्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारे लोखंडी बाह्याच, त्यामुळे मनगट वळत नाही आणि सबंध हात फिरवावा लागतो. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळांत पट्टेकरी जमिनीवर ठेवलेले लिंबू पट्ट्याने कसे कापतात ते सांगितले. २०२४ साली याच दांडपट्ट्याला महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला, हेही सांगितले. पोरगा ऐकत होता. मी तास, धडा, गुण यांतले काहीही न विचारता बोलत होतो आणि तो ऐकत होता. रात्रीचा एक वाजला तेव्हा तो म्हणाला, "आबाजी, तुम्ही खेळून पाहता का?"

तेव्हा कसलासा सेल लागला होता. माझ्या पेन्शनीतून तो खेळ दुसऱ्या संगणकावर, म्हणजे अभ्यासाच्या संगणकावर, घेतला गेला. चिरंजीवांना हे कळवायचे नाही असा आम्हा दोघांचा पहिला तह झाला.

खेळात प्रत्येकाला नाव घ्यावे लागते. मी 'जिवा' हे नाव सुचवले. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण पोराला ठाऊक होती. "चालेल," तो म्हणाला, "पण आधी तुम्ही स्वतः वाचा."

ते सोपे नव्हते. मैदानात उतरलो की मी डोळे बारीक करून उंदीर दाबू लागे. उंदीर म्हणजे संगणकाचा तो माऊस. डावे बटण दाबले की वार, उजवे दाबले की बचाव. मी दोन्ही एकदम दाबत असे. समोरचा माणूस तलवार उचलायच्या आतच मी चार वार करून मोकळा होई. ते चारही हवेत जात आणि पाचव्याला माझा दम संपलेला असे. दम हा इथे खरोखर मोजून दिलेला असतो. खाली एक पट्टी दिसते. हुकलेल्या वाराला ती घटते, बचाव करतानाही घटते, आणि दम पार संपल्यावर कुणाचा घाव अडवायला गेलात तर हातातले शस्त्रच उडून जाते. मग मोकळ्या हाताने शत्रूकडे पाहत उभे राहायचे. पेन्शनच्या खिडकीशी एखादा कागद कमी निघाला की माणूस जसा उभा राहतो, अगदी तसे.

"आबाजी, तुम्ही कायले दाबून राहिले इतके? घाबरून बटन दाबायचं नाही," पोराने पहिला धडा दिला. "ज्याला काही समजत नाही तोच भराभर दाबतो. तुम्ही वाट पाहा. त्याला येऊ द्या."

एकतीस वर्षे मी दुसऱ्यांना हात वर करायला लावले होते. आता खुर्चीत मी आणि मागे उभा सतरा वर्षांचा मास्तर. आणि मास्तर चांगला होता हो! मला एकदम चौसष्टांच्या गर्दीत ढकलले नाही. आधी संगणकाच्या बाहुल्यांशी लढवले. मग दोघांच्या द्वंद्वाच्या मैदानात नेले. तिथे लोक रांगेत उभे राहावेत तसे उभे असतात, आपल्यासमोर येऊन तलवार फिरवून नमस्कार करतात, आपणही केला की मग लढतात आणि बाकीचे मध्ये पडत नाहीत. इतकी शिस्त मी बसस्टँडवर पाहिलेली नाही.

दुसरा धडा हुलकावणीचा. समोरचा तलवार उचलतो. आपल्याला वाटते आला वार, आपण ढाल आडवी करतो. तो अर्ध्यावर हात आवरतो. आपला बचाव संपतो. आता पुन्हा आडवी करायला क्षणभर वेळ लागणार, आणि नेमक्या त्या क्षणात खरा वार येतो. दुसरा प्रकार याहून वाईट. तो वार करताना अंगच असे वळवतो की पाते उशिरा पोचते किंवा वेळेआधी. यावर उपाय एकच. "तलवारीकडे पाहू नका आबाजी. तलवार खोटं बोलते. खांद्याकडे पाहा, पायाकडे पाहा. आणि त्याने हात उचलला म्हणून दाबू नका. पातं निघाल्यावर दाबा."

तिसरा धडा अंतराचा. अर्धे पाऊल मागे घेतले तर शत्रूचा वार हुकतो, त्याचा दम जातो आणि आपले काहीच जात नाही. हे मात्र मला पटकन जमले. लहानपणापासून बांधीच्या धुऱ्यावरून चाललेल्या माणसाला मागे पाऊल कसे घ्यावे हे शिकवावे लागत नाही. चुकले की चिखल असतोच.

चौथी अडचण मात्र धड्याने सुटणारी नव्हती. मी अर्जुनीत ढाल उचलतो, तो निरोप सातासमुद्रापार कुठल्याशा यंत्राला जातो आणि तिथे नोंदला गेला तरच माझी ढाल उचलली असे धरतात. या जाण्यायेण्याला सेकंदाचा दहावा भाग लागला तरी खूप झाले. माझा बचाव तिथे पोचतो तेव्हा माझे मुंडके आधीच पोचलेले असते. पावसाळ्यात तर लाईनच जाते. एकदा ऐन द्वंद्वात सबंध गावाची लाईन गेली. परत आल्यावर पाहतो तर प्रतिस्पर्ध्याने मला पळपुटा म्हणून लिहिले होते. शिवरायांचा इतिहास शिकवलेल्या माणसाला हे फार लागले. मी त्याला 'माघार हीसुद्धा युद्धनीती आहे' असे इंग्रजीत कळवणार होतो, पण इंग्रजी जुळेपर्यंत तो निघून गेला.

या सगळ्या काळात आमची सौभाग्यवती दाराशी उभी राहून पाहत असे. तिचे भजनी मंडळ आहे, पेटी ती वाजवते. तिने दोन शोध लावले. एक म्हणजे या खेळात शस्त्र म्हणून तळणीचा तवाही घेता येतो. ते पाहून ती माझ्याकडे जे काही हसली ते मला आवडले नाही. दुसरा शोध असा की तिथे वीणेसारखे एक तंतुवाद्य आहे आणि काही माणसे लढाईत ते घेऊनच उतरतात. भोवती मुंडकी उडत असतात आणि हे महाभाग कोपऱ्यात उभे राहून वाजवत असतात.

"अजी," ती म्हणाली, "याच्यात न मारता पण राहता येते न? मग तुमी कायले मरून राहिले?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. बाकी, तिच्या बऱ्याच प्रश्नांना नसते.

पोळ्यानंतर एकदाचे आम्ही दोघे एकाच बाजूने चौसष्टांच्या मैदानात उतरलो. पोरगा पुढे, मी मागे. त्याने मला लांब भाला दिला होता. मित्राच्या आडून टोचायचे, म्हाताऱ्या माणसाला झेपेल असे शस्त्र. गर्दी झाली, धूळ उडाली आणि मी डोळे मिटून टोचू लागलो. समोरचा एक जण पडला. मी आनंदाने ओरडलो. शेजारच्या खुर्चीतून थंड आवाज आला.

"आबाजी, मी तुमच्याच बाजूने होतो न जी."

या खेळात आपल्या माणसालाही घाव लागतो. भाला आपला-परका ओळखत नाही, ते ओळखणे धरणाऱ्याचे काम. मी "चुकलं बाबू" म्हणालो आणि तो "होते असं" म्हणाला. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

आठवत होते ते १९९८ साल. चिरंजीव बारावीला. त्याला डॉक्टर करायचे हे मीच ठरवले होते. गुण थोडक्यात हुकले. निकालाच्या रात्री तो जेवायला बसला आणि मी सुरू झालो. काय काय बोललो ते आता आठवत नाही. घाबरून भराभर दाबलेल्या बटणांचा कोण हिशेब ठेवतो? एवढेच आठवते की तो अर्ध्या ताटावरून उठला. पुढे तो औषधांच्या धंद्यात शिरला, चांगला स्थिरावला, मला दर महिन्याला फोन करतो, गोळ्या पाठवतो. पण आमच्यात जे बोलणे असते ते गोळ्यांचेच. आणि आता तोच आपल्या पोराला फोनवर विचारतो, "किती तास झाले?"

दुसऱ्या दिवसापासून मी जेवताना काही विचारायचे नाही असे ठरवले. सोपे वाटते. करून पाहा. ज्याने एकतीस वर्षे प्रश्न विचारून पगार घेतला, त्याने भात कालवीत गप्प राहायचे म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक. पहिला दिवस मी सांबाराच्या वड्यांवर बोललो. दुसऱ्या दिवशी नवेगाव बांधच्या तलावावर पाणी किती चढले यावर. तिसऱ्या दिवशी विषय संपले आणि आम्ही तिघे गुपचूप जेवलो. खाली पट्टी असती तर माझा दम पार संपलेला दिसला असता.

आठव्या की नवव्या दिवशी रात्री एक फेरी संपून दुसरी सुरू व्हायची होती. पडद्यावर नुसते चाक फिरत होते. पोरगा चाकाकडे पाहत म्हणाला, "आबाजी, मला येत होतं."

मी गप्प.

"एकशे ऐंशी प्रश्न. सुरुवातीचे चांगले गेले. मग फिजिक्सचा एक अडला. दुसरा अडला. घड्याळ पाहिलं. हात कापायला लागला. मग जे येत नव्हते तेही मी भराभर काळे करत सुटलो. चुकलं की एक गुण कापतात, माहीत होतं. तरी केले. थांबताच येईना."

वाचकहो, तुमच्यापैकी जे मास्तर आहेत त्यांनाच माझी अवस्था कळेल. तात्पर्य समोर पडले होते! आयते, सोललेले, ताटात वाढलेले. 'घाबरून बटन दाबायचं नाही' हे त्याचेच वाक्य, त्यानेच मला शिकवलेले. मी ते नुसते उचलून त्याच्या हातात ठेवले असते की झाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत असे तात्पर्य मला एकदाही सापडले नव्हते. धड्याखाली आम्ही ती ओढूनताणून काढायचो. जीभ टाळ्याला लागलीसुद्धा. मग माझे लक्ष त्याच्या खांद्यांकडे गेले. ते दोन्ही कानांपर्यंत वर आले होते. पोरगा माझ्या वाराची वाट पाहत होता.

मी अर्धे पाऊल मागे घेतले. "मग तर हात दुखला असेल," एवढेच म्हणालो.

खांदे हळूहळू खाली आले. मग तो बोलला. चाक फिरायचे थांबले, लढाई सुरू झाली, आमचे दोन्ही वीर मैदानात नुसते उभे राहून तीनदा मारले गेले, आणि तो बोलतच होता. डॉक्टर व्हायचे आहे का, तर आहे. पण बापाने विचारले तर तो 'माहीत नाही' म्हणतो, कारण 'आहे' म्हटले की पुढचा प्रश्न तासांचा येतो. हे मला अगोदर कधी कळले नव्हते. मी कधी ऐकलेच नव्हते. माझा वार नेहमी आधी निघायचा.

ते तात्पर्य त्याला नंतर सापडले का? सांगता येत नाही. पण परवा त्याच्या टेबलावर सराव-परीक्षेचा कागद दिसला. सगळे प्रश्न सोडवले नव्हते. अकरा प्रश्न कोरे होते. मी गुण पाहिले नाहीत. (खोटे कशाला बोलू, पाहिले. पण चष्मा नव्हता.)

परवाच रात्रीची गोष्ट. धान कापून झाले आहे, थंडी पडली आहे आणि आमच्या दोघांच्या गळ्याला मफलर आहेत. मी आता आठवड्याला तीस-चाळीस वेळाच मरतो. मैदानात आम्ही एका पुलावर अडकलो होतो. समोर तिघे. तेवढ्यात चिरंजीवांचा फोन आला. पोराचे खांदे पुन्हा वर गेले. मी उंदीर सोडला, फोन उचलला आणि पडवीत आलो.

"बाबा, काय करून राहिला तो? अभ्यास करते का काही?"

आवाज चढलेला होता. पण मी आता आवाजाकडे पाहत नाही. दिवसभर दुकाने फिरून थकलेला माणूस रात्री साडेदहाला फोन करतो तो ओरडायला करत नाही. त्याला भीती वाटत असते. मला १९९८ साली वाटत होती तशीच.

"तू जेवलास का?" मी विचारले.

पलीकडे इतका वेळ शांतता पसरली की मला वाटले लाईन गेली.

"नाही अजून," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "बसतोच आहे."

"मग आधी जेव. पूर्ण जेवून उठ. आणि रविवारी इकडे ये. नवे तांदूळ आले आहेत. पोराशी बोल, पण त्याला विचारू नको काही. तो सांगतो. थोडा वेळ लागते."

"तुम्ही सांगून राहिले हे?" तो म्हणाला. त्यात थोडा राग होता, थोडे हसूही होते. राग माझा होता, मी तो घेतला.

बोलून आत आलो. पंधरा मिनिटे तरी झाली असतील. माझा वीर पुलावर एकटा, भाला हातात, नुसता उभा. तो कधीच मेला असणार असे धरून मी खुर्चीत बसलो, तर पाहतो काय, जिवंत! समोर पोराचा वीर पाय रोवून उभा होता आणि पुलावर जिकडे तिकडे प्रेते. इतका वेळ त्याने माझ्यापर्यंत कुणालाही येऊ दिले नव्हते. जिवा मी होतो, पण वाचवला दुसऱ्यानेच.

"आबाजी, काय म्हणाले बाबा?" पडद्यावरची नजर न काढता त्याने विचारले.

"रविवारी येतो म्हणाला. जेवायला."

"फक्त जेवायला?"

"फक्त जेवायला."

तो हसला. मला इतके भरून आले की मी काय करतो आहे ते मलाच कळले नाही. आनंदाच्या भरात मी उंदीर घट्ट पकडला आणि डावे बटण जोरात दाबले.

भाला सरळ त्याच्या पाठीत गेला.

"आबाजी!" पोरगा कपाळाला हात लावून ओरडला. "मी तुमच्याच बाजूने होतो न जी!"

दाराशी उभी असलेली सौभाग्यवती म्हणाली, "यांना ती वीणाच द्या रे."